दोन भाषांची अट

बसव्वाची लेक गौरव्वा, गौरव्वाची लेक संगव्वा आणि संगव्वाची लेक नीलव्वा. पहिल्या तिघी तळवडगी आणि भोवतालच्या बावीस खेड्यांच्या सुइणी होत्या. चौथी आमच्या दवाखान्यात आया. ही वंशावळ मी समितीच्या खोलीत उभी राहून एका दमात म्हटली, तेव्हा अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मेट्रनबाई, आपण नर्सांच्या जाहिरातीवर बोलतोय. एका आयाचं घराणं मध्येच कुठून आलं?"

"मध्ये नाही, भाऊसाहेब, आरंभीच आलं. तुमच्या पुढ्यात तिला उद्यापासून कमी करण्याचा ठराव आहे आणि त्यात तिचं नावसुद्धा नाही. 'स्त्री-वॉर्डातील रोजंदारी आया', एवढंच. जिला काढायचं ती कोण, हे समितीला ठाऊक असावं."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि त्या दवाखान्याची मेट्रन होते. समितीत आम्ही तिघेच होतो. भाऊसाहेब अध्यक्ष, डॉक्टर कारखानीस सचिव आणि तिसरी मी. त्यामुळे दोन मते पडली की ठराव झाला. त्या दिवशी कामकाजात दोन विषय होते. पहिला, नीलव्वाला काढण्याचा. दुसरा मी मांडलेला: तीन नर्सांच्या जाहिरातीत 'मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलता येणे आवश्यक' अशी अट घालावी.

भाऊसाहेबांनी मला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. अट मागे घ्या, नाहीतर मेट्रनची खुर्ची रिकामी करा. निरोप आणणाऱ्या कारकुनाला मी चहा पाजला आणि उत्तर न देता परत पाठवला.

तळवडगी महाराष्ट्रात, पण सीमेपासून अडीच मैलांवर. इथले पुरुष बाजारात, कचेरीत, कारखान्यात मराठी शिकत. बायकांना कचेरी नव्हती आणि कारखानाही नव्हता. चूल, शेत आणि जनावरे यांच्याशी त्यांचा व्यवहार कन्नडातच चाले. पुरुष-वॉर्डात नर्सचे काही अडत नसे. स्त्री-वॉर्डात मात्र दहातल्या सात बायकांना आमचे बोलणे कळत नसे आणि आम्हाला त्यांचे. तिथे नीलव्वा होती म्हणून चालत होते.

तिची एक रीत होती. एखादी सून तपासायला आली की सोबत सासरा, दीर किंवा सासू असायचीच, आणि तिच्या वतीने तीच माणसे बोलायची. नीलव्वा आधी त्या माणसाला बाहेर काढायची. "मामा, लिंबू आणा जावा. देठासकट पाहिजे, देठ तुटलेलं चालायचं नाही." देठासकट लिंबू शोधायला गृहस्थाला अर्धा तास लागे. तेवढ्यात ती त्या सुनेच्या उशाशी बसून सगळे काढून घेई. आमच्या आधीच्या डॉक्टरांना वाटे की हा काही उताऱ्याचा प्रकार आहे. ते तिला एकदा रागावलेही होते. लिंबू पुढे सरबतात जाई.

चार दिवसांपूर्वी, सोमवारी, नीलव्वा भाचीच्या लग्नाला विजापूरकडे गेली होती. दुपारी हिरेगुंडीहून महानंदा नावाची पोर आली. वीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा महिना. सोबत सासरा. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती भिंतीकडे तोंड करून बसली. सासऱ्याने स्वच्छ मराठीत सांगितले, "थोडं पोटात दुखतंय, बाकी काही नाही." केसपेपरवर लिहिले गेले: पाणी जात नाही, रक्तस्राव नाही, विशेष तक्रार नाही. तिला पलंग दिला गेला.

मंगळवारी सकाळी नीलव्वा परतली. तिने सासऱ्याला लिंबासाठी पिटाळले आणि दोन मिनिटांत धावत बाहेर आली. महानंदाचे पाणी दोन दिवसांपासून जात होते, आणि आदल्या संध्याकाळपासून मूल हललेले नव्हते. सासऱ्यासमोर ती हे सांगणार कशी? त्या घरात सून सासऱ्यापुढे पाणीसुद्धा मागत नसे. डॉक्टरांनी तासाभरात ऑपरेशन केले. पोर वाचली. मुलगा गेलेलाच होता.

हिरेगुंडीची माणसे दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यांना कुणीतरी हवे होते. भाऊसाहेबांनी चौकशी केली आणि त्यांना उत्तर सापडले. आया न विचारता रजेवर गेली, म्हणून घोटाळा झाला. वास्तविक तिची रजा मीच मंजूर केली होती, परंतु रोजंदारीवरच्या माणसाच्या रजेचा कागद होत नाही.

बैठकीला जाताना व्हरांड्यात नीलव्वा भेटली. भिंतीला टेकून, पाय दुमडून, जमिनीवर बसली होती. मला पाहून उठली नाही. एरवी उठायची.

"बाई, आत जाऊन काय बोलणार हाय तुम्ही?"

"जे खरं आहे ते."

"नको की. गप बसा. मला काय, चार घरची धुणी मिळतेत. तुमचं नाव मोठं हाय, ते कशाला मातीत घालता?"

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. मागं बसलाच की गप, जमतंय तुम्हाला."

ती हसली नाही, मीही हसले नाही. मी पदर नीट केला आणि आत गेले.

तर भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे. नीलव्वा. नाव लिहून घ्या, डॉक्टर. आता त्या अटीचं बोला. बाई, सीमेच्या लढ्यात मी नऊ महिने तुरुंगात काढलेत. माझा धाकटा भाऊ तुरुंगातून क्षय घेऊन आला आणि गेला. कशासाठी? या मातीत मराठी राहावी म्हणून. आणि आज आमच्याच वडिलांनी बांधलेल्या दवाखान्यात, मराठी मुलीला नोकरी हवी तर आधी कन्नड शिक, असं मी जाहिरातीत छापू? लोक मला जोड्यानं मारतील."

हे ते मनापासून बोलत होते. त्या भावाला मी पाहिलेले नव्हते, पण त्याची तसबीर आमच्या माथ्यावरच होती. म्हणून मी आवाज चढवला नाही.

"भाऊसाहेब, तुमची भुईमुगाची आडत आहे. सीमेपलीकडचा शेतकरी गाडी घेऊन येतो, त्याच्याशी भाव कोणत्या भाषेत ठरवता?"

"तो व्यापार आहे."

"व्यापारात चालते ती भाषा वॉर्डात का बाटते? तिथे गाडीभर शेंगा असतात, इथे बाई असते."

डॉक्टर कारखानीस खाली मान घालून लिहीत होते. त्यांच्या टाकाचा आवाज थांबला.

"मेट्रनबाई," ते म्हणाले, "तत्त्वाचं मी बोलत नाही. पण नर्सा मुळात मिळत नाहीत. नगरहून एक आणायला मला दीड वर्ष लागलं. दोन भाषांची अट घातली तर अर्जच यायचे नाहीत. तोवर वॉर्ड कोण सांभाळणार? अर्धं बोलणं कळणारी नर्स नसलेल्या नर्सपेक्षा बरी, असं मला वाटतं."

"मग सहा महिन्यांची मुदत द्या. येत नसेल तर येऊन शिकावी. सहा महिन्यांनी परीक्षा. नापास झाली तर तिला पुरुष-वॉर्डात पाठवा."

"परीक्षा कोण घेणार? आपल्याकडे कन्नडचा मास्तर नाही."

"नीलव्वा."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. "म्हणजे जिला काढायचा ठराव आहे, ती नर्सांची परीक्षा घेणार? आणि जिला सही धड येत नाही ती?"

"सही येते तिला. कन्नडात येते. तुम्ही कधी करायला सांगितली नाहीत."

"बाई," त्यांचे हसू गेले, "तुम्ही इथे तेवीस वर्षं आहात. तुम्हाला कन्नड येतं?"

"नाही."

"एक वाक्य?"

"चार-पाच शब्द. तेही चुकीचे असतील."

"बघा, डॉक्टर. पंचक्रोशीत यांचं नाव आहे. नाडी धरली की मेट्रनबाईंना सगळं कळतं, असं बायका म्हणतात. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत आपण त्यांचा सत्कार केला, शाल दिली. कन्नडचा एक शब्द न येता तेवीस वर्षं वॉर्ड चालवला. कुणाचं अडलं? मग नव्या पोरींना ही सक्ती कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. त्यांना वाटले, मला पेचात पकडले. खरे सांगायचे तर मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होते. मात्र त्याचे उत्तर सोपे नव्हते. मी आयुष्यात कुणापुढे नमलेली बाई नव्हते. वॉर्डात माझ्या चपलांचा आवाज आला की आया उभ्या राहत आणि डॉक्टर सिगारेट विझवत. कन्नड शिकायचे मी ठरवून टाळले होते. मी रीतसर शिकून आलेली नर्स, रोग्याने माझ्या भाषेपर्यंत यावे, अशी माझी ऐट होती. ती ऐट मी पांढऱ्या साडीसारखी इस्त्री करून रोज वापरली.

"नाडी धरून मला काहीच कळत नव्हतं," मी म्हणाले. "मी नाडी धरायची आणि नीलव्वा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून विचारायची. मग चादर नीट करता करता माझ्या कानात सांगायची. मी ते डॉक्टरांना सांगायची, माझ्या आवाजात. शाल मी घेतली. तेव्हाही ती दाराशी उभी होती."

मी हातातल्या फाइलीतून केसपेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हा महानंदाचा. तुम्हाला वाटतंय, नगरहून आलेल्या नव्या नर्सनं लिहिला. वाचा."

त्यांनी वाचला. "विशेष तक्रार नाही." मग खालची सही वाचली. डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मान वर केली नाही. माझे अक्षर त्यांना मंगळवारीच ओळखू आले होते आणि ते तीन दिवस माझ्यासाठी गप्प होते.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी. सासरा बोलला आणि मी लिहिलं. त्या पोरीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नीलव्वा नव्हती, एवढाच फरक होता. बाकी मी तीच होते जी तुमच्या सत्काराला होते. त्या मुलाचा जीव मी घालवला, भाऊसाहेब. आयानं नाही."

"हे बाहेर बोलू नका," ते हलकेच म्हणाले. "फाटकाशी माणसं आहेत. मेट्रनचं नाव पुढे आलं तर दवाखान्याला कुलूप लागेल. रोजंदारीची बाई आहे, तिला काढू, महिन्या-दोन महिन्यांनी परत घेऊ. कुणाचं काही बिघडणार नाही."

"हेच शब्द तुमच्या वडिलांनी वापरले होते."

"कधी?"

"सहासष्ट सालच्या मार्चमध्ये."

हे बावीस वर्षांत मी कुणाला सांगितले नव्हते, माझ्या मुलांनाही नाही. सांगायला लागले तेव्हा माझा आवाज स्थिर होता, याचा मला आजही अभिमान आहे.

"मला इथे येऊन वर्ष झालं होतं. एका बाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. तिनं उपाशी असायला हवं होतं. मी तिला मराठीत विचारलं, काही खाल्लंय का? तिनं मान हलवली. पांढऱ्या साडीतली बाई विचारते म्हटल्यावर त्या बायका मान हलवतात, कळो न कळो. मी लिहिलं, उपाशी आहे. ती सकाळी भाकरी खाऊन आली होती. भूल दिल्यावर तिला उलटी झाली, श्वास अडकला. ती आठ दिवस मरणाच्या दारात होती. चौकशी लागली. तेव्हा नीलव्वा चोवीस वर्षांची होती, दवाखान्यात कायम नोकरीला होती. तिनं तुमच्या वडिलांना सांगितलं, 'विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही.' त्यांनी तिला काढलं. म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांनी परत घेऊ. सहा महिन्यांनी घेतलं, रोजंदारीवर. ती आजतागायत रोजंदारीवर आहे."

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसले. सात वर्षांनी मेट्रन झाले."

डॉक्टरांनी आता मान वर केली. "पण तिनं असं का केलं?"

"मी विचारलं होतं. ती म्हणाली, 'तुम्हाला काढलं तर दुसरी येणार, तिलाबी आमचं काय कळायचं नाही. तुम्ही राहिला तर आता निदान विचारून लिव्हाल.' बावीस वर्षं मी तिच्या तोंडून विचारत राहिले. ती एक दिवस लग्नाला गेली, आणि मी पुन्हा न विचारता लिहिलं. आता सांगा, कुणाचं अडलं?"

फाटकावरचा गलका खिडकीतून येत होता. त्यात कन्नडही होते आणि मराठीही.

"बाई, ही अट मंजूर झाली," भाऊसाहेब सावकाश म्हणाले, "तर ती तुम्हालाही लागू होईल. स्त्री-वॉर्डात तुम्हाला राहता येणार नाही. मेट्रन म्हणून तर नाहीच."

"मंजूर आहे. माझा राजीनामा याच ठरावात लिहा. मेट्रनपदाचा. नोकरीचा नाही, ती सहा महिन्यांची मुदत मलाही द्या, मला शिकायचं आहे, आणि शिकायला वॉर्ड लागतो. बाहेरच्या माणसांनाही मीच जाऊन सांगणार आहे. तुमची परवानगी मी मागत नाही."

"ते तुम्हाला सोडणार नाहीत."

"न सोडोत. पळून जाणाऱ्यांतली मी नाही."

"आणि नीलव्वा?"

"तिला सहासष्ट सालच्या मार्चपासून कायम करा. आजपासून नाही, मार्चपासून. त्या महिन्यात तिची नोकरी तुटली ती माझ्यामुळे. मधलं एकही वर्ष गाळायचं नाही. ते सहा महिनेसुद्धा धरून नोकरी सलग होती असंच नोंदवायचं, कारण ते तिनं माझ्या वाट्याचे भोगले."

भाऊसाहेबांनी तसबिरीकडे पाहिले. मला वाटले, ते आता भावाचे नाव घेतील आणि उठून जातील. त्यांनी नाव घेतले नाही. "माझ्या वडिलांनी केलेली चूक मी कागदावर मान्य करू?"

"माझी मी करतेय. तुमची तुम्ही ठरवा."

डॉक्टर कारखानीसांनी टाक उचलला. "माझं मत अटीच्या बाजूनं, आणि नीलव्वाच्याही," ते म्हणाले आणि कुणाकडे न पाहता लिहू लागले. दोन मते झाली होती. तरीही भाऊसाहेबांनी हात वर केला, हळूच, जणू खांदा दुखत होता. "एकमतानं लिहा," ते म्हणाले. "पण जाहिरातीत मराठी आधी येईल."

"मराठीच आधी येईल," मी म्हणाले. "तेवढी मराठी मीही आहे."

मग मी फाटकाशी गेले. डॉक्टर मागे येत होते, त्यांना मी हाताने थांबवले. महानंदाचा सासरा पुढेच होता. मी त्याला मराठीत सांगितले की पेपर मी लिहिला, सुनेला न विचारता लिहिला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मागे वळून तेच कन्नडात सगळ्यांना सांगितले. ओरडा झाला. एका म्हातारीने माझ्या पदराला धरून हिसडा दिला. मी पदर सोडवला नाही. ती रडत काय म्हणत होती ते मला कळले नाही, आणि ते न कळणे मी पहिल्यांदा पूर्णपणे ऐकले. हळूहळू माणसे पांगली. महानंदाचे देणे माझ्याकडून फिटण्यासारखे नव्हते, आजही नाही. ते माझ्याबरोबर जाईल.

परत आले तेव्हा कारकून व्हरांड्यात कायम नोकरांचे रजिस्टर घेऊन उभा होता. नीलव्वाला खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, उडून जाईल अशी.

"सहासष्टपासून लिवलंय म्हणतोय ह्यो," ती म्हणाली. "खरं हाय?"

"खरं आहे. वाचून दाखवू?"

"नको. तुमच्यावर इस्वास हाय. आता." थोडे थांबून म्हणाली, "बावीस वर्षं लागली की हो तुम्हाला बोलायला."

"लागली."

"मी म्हटलं, बाई मेल्यावरच बोलणार."

"नीलव्वा, सही कर."

तिने अंगठ्यासाठी ठेवलेली शाईची गादी दूर सारली, टाक मागितला आणि एकेक अक्षर कोरत कन्नडात सही केली. कारकुनाने भाऊसाहेबांकडे पाहिले. ते दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. साक्षीदार म्हणून तिच्या सहीखाली मी माझी केली. पुढे मेट्रन लिहायची माझी सवय होती. ती जागा मी रिकामी ठेवली.

नीलव्वाने शाई वाळेपर्यंत त्या दोन सह्यांकडे पाहिले. मग रजिस्टर मिटले आणि कारकुनाच्या हातात दिले.

"झालं, बाई. आता तुमचं माझं काही राहिलं नाही."

"काही नाही?"

"काही नाही. सगळं फिटलं." ती खुर्चीतून उठली आणि पदर कमरेला खोचला. "चला की मग. दहा नंबरची बाई सकाळपासून काहीतरी सांगतीय. आज तुम्ही विचारायचं, मी नुसती ऐकणार."